निकालानंतरची कुस्ती

कुस्तीच्या कुठल्याही स्मरणिकेत कोल्हापूरच्या खासबाग मैदानाचा इतिहास असतोच, आणि असायलाच हवा. १९०२ सालच्या युरोप दौऱ्यात राजर्षी शाहू महाराजांनी रोमचे कलोसियम पाहिले, १९०७ मध्ये मैदानाचे काम सुरू झाले, १९१२ मध्ये ते खुले झाले. मध्ये एकही खांब नसल्यामुळे शेवटच्या पायरीवरच्या माणसालाही हौद पुरता दिसतो. एवढे तर मिरजकर तिकटीला चहा पीत उभा असलेला कुणीही सांगेल. म्हणून या पानांत दुसऱ्याच एका संस्थेचा इतिहास मांडतो आहे. ती स्वित्झर्लंडमध्ये, लोझान शहरात आहे. तिथे हलगी वाजत नाही आणि शड्डूही घुमत नाही. तरीही सलग तीन वर्षे महाराष्ट्र केसरीची गदा खांद्यावर घेतलेल्या एका मल्लाचे ऑलिंपिक तिच्या पंचांपुढे एका दिवसात संपले. क्रीडा लवाद असे वर्तमानपत्रांतून आपण तिचे नाव वाचतो. ती १९८४ साली स्थापन झाली, म्हणजे चाळिशी ओलांडून गेली. पण आपल्या तालमींत तिच्याविषयी बोलणे निघते ते कुणावर तरी बंदी आल्यावरच.

खासबागेत निकाल सगळ्यांच्या डोळ्यांदेखत लागतो. शंका असेल तर वस्ताद हौदाच्या कडेला येतात, पायऱ्यांवरून आरडाओरडा होतो, दोन्हीकडचे जाणते चार शब्द बोलतात आणि कुस्ती बरोबरीत सोडवायची की पुन्हा लावायची हे तिथल्या तिथे ठरते. ही रीत दरवेळी शहाणपणाची असतेच असे नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत निकालावरून चिडलेल्या मल्लाने पंचांना लाथ मारली आणि तीन वर्षांची बंदी ओढवून घेतली. निकाल मान्य नसलेल्या माणसाला जायला दुसरी जागा नसली, किंवा असलेली जागा ठाऊक नसली, की हातपाय चालतात.

दाद कशी मागावी हे कोल्हापूरला खाशाबा जाधवांनी दाखवून दिले. राजाराम कॉलेजचा हा विद्यार्थी १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावा आला होता. १९५२ च्या हेलसिंकीसाठी निवड होताना आपल्याला डावलले गेले, मद्रासच्या लढतीत मुद्दाम एक गुण कमी दिला गेला, अशी त्यांची तक्रार होती. ती त्यांनी पतियाळाचे महाराजा यादविंद्रसिंग यांच्यापुढे मांडली. महाराज तेव्हा भारतीय ऑलिंपिक संघटनेचे अध्यक्ष होते आणि कुस्तीचे शौकीनही. पुन्हा लढत लावली गेली, खाशाबांनी समोरच्याला चीत केले आणि हेलसिंकीचा रस्ता मोकळा झाला. खर्चासाठी प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकरांनी सात हजार रुपयांना घर गहाण टाकले ही हकिकत आपल्याकडे पोरासोरांना पाठ आहे. त्या ब्राँझ पदकाच्या आधी एक यशस्वी अपील आहे, हे मात्र फारसे कुणी बोलत नाही. त्या अपिलाला कलम नव्हते, मुदत नव्हती, लेखी निकालपत्र नव्हते. ऐकून घेणारा एक महाराजा होता, इतकेच. तो दुसऱ्या स्वभावाचा असता तर?

घोड्याच्या निमित्ताने

जगभरच्या खेळाडूंची स्थिती १९८० च्या सुमारास याहून फार वेगळी नव्हती. महासंघाने बंदी घातली की एक तर गप्प बसायचे, नाहीतर आपल्या देशातल्या दिवाणी कोर्टाची पायरी चढायची. तारखा पडत राहायच्या आणि तेवढ्यात खेळायचे वय निघून जायचे. शिवाय एका देशाच्या कोर्टाने मोकळा केलेला खेळाडू दुसऱ्या देशातल्या स्पर्धेला चालेलच याचा भरवसा नव्हता. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे नवे अध्यक्ष हुआन अंतोनियो समरांच यांनी खेळांसाठी वेगळ्या लवादाची कल्पना उचलली. सेनेगलचे केबा म्बाये तेव्हा हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात न्यायाधीश होते. नियमावली तयार करण्याचे काम त्यांच्याकडे आले. ३० जून १९८४ पासून ती अमलात आली आणि म्बायेच पहिले अध्यक्ष झाले. गाव लोझानच, कारण ऑलिंपिक समितीचे बिऱ्हाडही १९१५ पासून तिथेच आहे.

पहिली काही वर्षे प्रकरणे तुरळकच यायची. संस्थेला खरे वळण लावले ते एल्मार गुंडेल या जर्मन घोडेस्वाराने. त्याच्या घोड्याच्या चाचणीत उत्तेजक सापडले म्हणून अश्वारोहण महासंघाने त्याला शिक्षा केली. तो लवादाकडे गेला. ऑक्टोबर १९९२ मध्ये लवादाने तीन महिन्यांची बंदी एका महिन्यावर आणली. दुसरा कुणी असता तर पेढे वाटून घरी गेला असता. गुंडेल मात्र स्वित्झर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि म्हणाला, हा लवाद मुळात स्वतंत्रच नाही.

मार्च १९९३ मध्ये न्यायालयाने त्याची याचिका फेटाळली. लवाद हा खराखुरा लवाद आहे, असा निर्वाळा दिला. पण जाता जाता न्यायाधीशांनी जे लिहून ठेवले ते संस्थेच्या वर्मी लागले. लवादाचा खर्च ऑलिंपिक समिती करते, नियम बदलण्याचा अधिकार तिचाच, पंचांच्या यादीतल्या नेमणुकांवरही तिचाच मोठा हात. घोडेस्वार महासंघाविरुद्ध उभा होता म्हणून निभावले. उद्या एखादा खेळाडू खुद्द ऑलिंपिक समितीविरुद्ध उभा राहिला तर काय? लवादाच्या धुरीणांनी इशारा ओळखला. जून १९९४ मध्ये पॅरिसला करार होऊन लवादाचा कारभार आणि पैसा पाहणारे एक वेगळे मंडळ नेमले गेले, नोव्हेंबरपासून नवी संहिता आली. १९९६ च्या अटलांटापासून प्रत्येक ऑलिंपिकच्या गावी लवादाचे तात्पुरते ठाणे बसू लागले, तेही शक्यतो चोवीस तासांत निकाल देणारे. रशियाच्या लाझुतिना आणि दानिलोव्हा या स्कीपटूंनी पुढे हाच प्रश्न पुन्हा उकरला, तेव्हा २००३ मध्ये त्याच न्यायालयाने आता लवाद ऑलिंपिक समितीपासून पुरेसा स्वतंत्र आहे असे म्हटले.

या दोघी आणि गुंडेल, तिघेही न्यायालयात हरले. संस्थेच्या इतिहासात पुढेही हेच पुन्हा पुन्हा दिसते. तिची घडण जिंकलेल्यांपेक्षा हरलेल्यांनीच अधिक केली आहे. कागदोपत्री वेगळे मंडळ आले तरी संशय पुरता गेला असे मी म्हणणार नाही. त्या मंडळाचे अध्यक्ष असताना जॉन कोट्स हे काही काळ ऑलिंपिक समितीचे उपाध्यक्षही होते, आणि आपल्या तालमीतल्या कुठल्याही शहाण्या माणसाने अशा पंचाच्या कुस्तीला जोड लावली नसती.

बाटलीचे झाकण

लवादाकडे उत्तेजकांची प्रकरणे मोठ्या संख्येने येऊ लागली ती जागतिक उत्तेजकविरोधी संस्था, म्हणजे वाडा, आल्यावर. १९९८ च्या टूर द फ्रान्समध्ये एका सायकल संघाच्या गाडीतून औषधांचा साठा पकडला गेला, त्या बोभाट्यातून नोव्हेंबर १९९९ मध्ये वाडाची स्थापना झाली. तिची संहिता २००४ पासून लागू झाली. त्या संहितेने उत्तेजकांच्या वादात शेवटचा शब्द लोझानचा असे ठरवून टाकले. आपल्याकडे नाडा ही राष्ट्रीय संस्था २००५ मध्ये नोंदली गेली आणि २००९ पासून तिचे काम सुरू झाले.

चाचणी कशी होते हे इथे जरा सविस्तर लिहितो, कारण पुढचे सगळे अपील तिथेच जिंकले किंवा हरले जाते. अधिकारी येतो, ओळखपत्र दाखवतो, कागदावर सही घेतो. तिथून पुढे मल्ल त्याच्या नजरेआड होऊ शकत नाही. लघवीचा नमुना त्याच्या डोळ्यांसमोर द्यायचा. तो किमान नव्वद मिलिलिटर लागतो. मेहनत करून घाम गाळलेल्या पोराला तेवढी लघवी यायला कधी कधी दोन तास पाणी पीत बसावे लागते. सीलबंद संच मल्लाने स्वतः निवडायचा. नमुना अ आणि ब अशा दोन बाटल्यांत स्वतःच्या हाताने ओतायचा आणि झाकण फिरवायचे. ते फिरताना कटकट वाजते आणि एकदा बसले की ते फोडल्याखेरीज बाटली उघडत नाही. मग एक फॉर्म समोर येतो. गेल्या सात दिवसांत कुठली औषधे, कुठल्या पावडरी, कुठली पूरके घेतली ते त्यात लिहायचे असते. खाली शेऱ्यासाठी जागा असते.

हा रकाना आपली पोरे कोरा सोडतात. कुणी घाईने, कुणी इंग्रजीच्या धास्तीने, कुणी ‘लिहिलं तर अडकू’ अशा समजुतीने. खरे तर कोऱ्या रकान्यानेच माणूस अडकतो. सहा महिन्यांनी वकील सांगू लागला की माझ्या अशिलाने अमुक डब्यातली पावडर घेतली होती आणि भेसळ तिच्यात होती, तर समोरचा पहिला प्रश्न विचारतो: मग त्या दिवशी लिहिले का नाही?

कारण या खेळात नियम कडक आहे. अंगात द्रव्य सापडले की दोष सिद्ध झाला. ते कसे आले, कुणी घातले, हे नंतर. अ नमुन्यावर विश्वास नसेल तर ब नमुना आपल्या माणसासमोर फोडून तपासून घेण्याचा हक्क आहे, पण दोन्ही सारखेच आले की सिद्ध करण्याची जबाबदारी खेळाडूवर येते. २०१५ च्या सुधारित संहितेनुसार स्टेरॉइडसारख्या द्रव्याला चार वर्षे. मुद्दाम घेतले नाही हे खेळाडूने दाखवले तर दोन. आपला मोठा दोष नव्हता हे पटवले तर त्याहून कमी. आपला काडीचाही दोष नव्हता हे सिद्ध केले तर शून्य. सिद्ध करायचे म्हणजे काय? शंभर टक्के नव्हे. आपण सांगतो तसे घडले असण्याचा संभव न घडण्यापेक्षा जास्त आहे, एवढे पंचांना पटले पाहिजे. ऐकायला सोपे वाटते.

हा नियम जाचक आहे, पण मला तो चुकीचा वाटत नाही. ‘मला माहीत नव्हते’ एवढ्यावर सोडायचे ठरवले तर इंजेक्शन घेणारा प्रत्येक जण तेच म्हणेल आणि नुसत्या दूध-बदामावर मेहनत करणारा पोरगा कायम खाली राहील. जाच आहे तो दुसरीकडे. एवढ्या कडक नियमाखाली खेळणाऱ्याच्या हाताशी ना वकील असतो ना डॉक्टर.

रिओ, १८ ऑगस्ट २०१६

नरसिंग यादव हे नाव खासबागेला नवे नाही. मुंबईत वाढलेला, दुधाचा धंदा करणाऱ्या बापाचा पोरगा. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण; २०११, २०१२ आणि २०१३ असा सलग तीनदा महाराष्ट्र केसरी; पुढे पोलीस दलात अधिकारी. २०१५ मध्ये लास वेगासच्या जागतिक स्पर्धेत ७४ किलोत ब्राँझ घेऊन त्याने भारतासाठी रिओची जागा मिळवली. त्या जागेवर सुशीलकुमारनेही हक्क सांगितला, चाचणी लढतीची मागणी केली आणि वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेला. जून २०१६ मध्ये न्यायालयाने सुशीलची याचिका फेटाळली. एवढ्यावर विषय संपायला हवा होता.

२५ जूनला सोनीपतच्या शिबिरात नाडाने नरसिंगचा नमुना घेतला. ५ जुलैला पुन्हा घेतला. दोन्हींत मेथँडिएनोन सापडले. जिममधली पोरे ज्याला डी-बॉल म्हणतात ते हेच स्टेरॉइड. योगायोग असा की ते १९५० च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आणणारी सिबा ही कंपनीही स्विसच. २४ जुलैला बातमी फुटली. नरसिंगने सांगितले की त्याच्या खाण्यापिण्यात कुणीतरी मुद्दाम हे मिसळले. पोलिसांत फिर्याद दिली, संशयिताचे नावही सांगितले. महाराष्ट्रात तरी त्याच्या शब्दावर विश्वास न ठेवणारा माणूस त्या आठवड्यात शोधून सापडला नसता.

१ ऑगस्टला नाडाच्या शिस्तपालन मंडळाने त्याला निर्दोष सोडले. कटाची बाजू मान्य केली. ढोल वाजले, पेढे वाटले गेले, मल्ल रिओला पोहोचला. मग वाडाने या निकालाविरुद्ध रिओतल्या लवादाच्या ठाण्यात अपील केले.

इथे लवादाची एक पद्धत समजून घ्यायला हवी, कारण तिच्या अज्ञानाने आपण फसलो. लवाद खालच्या मंडळाचा निकाल बरोबर की चूक एवढेच पाहत बसत नाही. तो सगळे प्रकरण नव्याने ऐकतो. खाली मिळवलेले गुण वर चालत नाहीत. हात मिळवण्यापासून कुस्ती पुन्हा लागते. त्यामुळे दिल्लीत मिळालेला निर्दोषत्वाचा कागद रिओत पुरावा म्हणून फारसा उपयोगी नव्हता. पंचांना हवे होते ते द्रव्य शरीरात कसे गेले याचे पटणारे उत्तर.

वाडाने माँट्रियल प्रयोगशाळेच्या क्रिस्तियान आयोत यांचे शास्त्रीय मत पुढे ठेवले. नमुन्यातले द्रव्याचे प्रमाण पेयात मिसळलेल्या पुडीशी जुळत नाही. एक-दोन गोळ्या तोंडाने घेतल्या असाव्यात असे ते दाखवते, असा त्या मताचा आशय. नरसिंगच्या बाजूला साक्षीदार होते, फिर्याद होती, हेतूची गोष्ट होती. पण हेतू कुणाचा तरी असू शकतो हे सांगणे आणि ते त्या दिवशी त्या पेल्यात घडले हे दाखवणे यांत अंतर आहे. १८ ऑगस्टला पंचांनी कटाची बाजू अमान्य केली, हे द्रव्य हेतुपुरस्सर घेतले नव्हते असे दाखवणारा पुरावा नाही असे म्हटले आणि चार वर्षांची बंदी घातली. दुसऱ्या दिवशी, १९ तारखेला, ७४ किलोच्या लढती होत्या.

नरसिंग खरे बोलत होता की नाही याचा निवाडा या लेखात करण्याचा मला अधिकार नाही. एवढे मात्र लिहितो, की घरच्या मंडळाने भावनेच्या भरात दिलेला निर्दोषत्वाचा निकाल त्याला फारसा कामी आला नाही. त्याच्या बाजूने शास्त्रीय पुरावा उभा करण्याचे काम जुलैच्या त्या आठवड्यात व्हायला हवे होते. ते काम मागे राहिले आणि घोषणा पुढे गेल्या. चार वर्षांनी बंदी संपल्यावर तो डिसेंबर २०२० मध्ये बेलग्रेडच्या विश्वचषकात पुन्हा उतरला, तेव्हा एकतिशी गाठली होती. २०२४ मध्ये भारतीय कुस्ती महासंघाच्या खेळाडू आयोगाचा तो अध्यक्ष झाला.

भारताला हा धडा त्याआधीही मिळाला होता. २०११ मध्ये अश्विनी अक्कुंजी, मनदीप कौर, सिनी जोस यांच्यासह सहा धावपटू मुली स्टेरॉइडच्या चाचणीत सापडल्या. युक्रेनच्या प्रशिक्षकाने दिलेल्या जिनसेंगच्या गोळ्यांत भेसळ होती, असे त्यांचे म्हणणे. इथल्या मंडळाने एक वर्षाची बंदी दिली. आंतरराष्ट्रीय ॲथलेटिक्स महासंघ लोझानला गेला आणि जुलै २०१२ मध्ये ती दोन वर्षांची झाली. प्रशिक्षकाने दिले म्हणून घेतले, हा बचाव नव्हे, हे तेव्हाच लेखी झाले होते. आपल्याकडे वस्तादाने दिलेल्या पेल्याला नाही म्हणण्याची रीत नाही. ती रीत सुंदर आहे. नियमाला मात्र तिची दखल नाही.

डबा, पावती, चुंबन

जिंकणारे कसे जिंकतात? रोमानियाची टेनिसपटू सिमोना हालेप हिला २०२३ मध्ये चार वर्षांची बंदी झाली होती. तिने लोझानला अपील केले. आपण घेतलेल्या पूरकात भेसळ होती हे तज्ज्ञांकरवी मांडले आणि मार्च २०२४ मध्ये बंदी नऊ महिन्यांवर आली. फ्रान्सच्या रिशार गास्केच्या नमुन्यात २००९ साली कोकेन सापडले. मायामीतल्या एका क्लबात भेटलेल्या मुलीच्या चुंबनातून ते आले, असे तो म्हणाला. कोल्हापुरात अशी सबब कुणी वस्तादाला सांगितली असती तर पुढच्या हजार बैठका ठरलेल्या. पण द्रव्य इतके सूक्ष्म होते आणि इतर कुठलीही शक्यता इतकी लंगडी होती, की लवादाने ते मान्य करून त्याला पूर्ण निर्दोष सोडले. नरसिंगच्या प्रकरणात आकडा त्याच्या गोष्टीविरुद्ध गेला, गास्केच्या प्रकरणात आकड्याने त्याची गोष्ट उचलून धरली.

मुंबईच्या पृथ्वी शॉचे उदाहरण तालमीतल्या पोरांना अधिक जवळचे वाटेल. फेब्रुवारी २०१९ मध्ये इंदूरच्या सामन्यात घेतलेल्या नमुन्यात टर्ब्युटालिन निघाले. खोकल्याचे औषध, चिठ्ठी न घेता आणलेले. क्रिकेट मंडळाने त्याचे म्हणणे मान्य केले आणि आठ महिन्यांची बंदी मागच्या तारखेपासून मोजली. तो अपिलात गेला नाही. औषध खरोखर गरजेचे असेल तर आधी अर्ज करून परवानगी काढता येते. ती काढायला पैसे पडत नाहीत, पण ती असते हेच कित्येकांना ठाऊक नसते.

म्हणून प्रत्येक तालमीत एक वही असावी. कुठली पावडर, कुठल्या दुकानातून, डब्यावरचा बॅच क्रमांक कोणता, कुणी कधी उघडली. संपलेला डबा फेकू नये, पावती जपावी, आणि थंडाईत घरचे बदाम-खसखस सोडून काही पडत असेल तर तेही लिहावे. गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर पिळलेले दूध प्यायला वही लागत नाही. ऑनलाइन मागवलेल्या डब्याला लागते.

उघडे दार

लवादाच्या सुनावण्या बंद दाराआड होत. क्लाउडिया पेखश्टाइन ही जर्मनीची स्केटिंगपटू. तिच्या अंगात कधीही द्रव्य सापडले नव्हते. रक्तातल्या आकड्यांवरून २००९ मध्ये तिला दोन वर्षांची बंदी झाली. तिने लवादापुढे उघड सुनावणी मागितली, ती नाकारली गेली, आणि बंदी कायम राहिली. ती लढत राहिली. २ ऑक्टोबर २०१८ ला युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने लवाद स्वतंत्र नाही हा तिचा मुद्दा फेटाळला, पण उघड सुनावणी नाकारून तिच्या हक्काचा भंग झाला असे म्हटले आणि आठ हजार युरो भरपाई दिली. बंदी भोगून झाल्याला तेव्हा सात वर्षे उलटली होती. पुढच्याच वर्षी चीनच्या सुन यांग या जलतरणपटूची सुनावणी माँत्रू शहरात जगासमोर झाली, कॅमेऱ्यांसकट. रक्ताच्या नमुन्याची बाटली हातोड्याने फोडल्याचे ते प्रकरण. त्याला आठ वर्षांची बंदी झाली. मग एका पंचाने समाजमाध्यमावर चिन्यांविषयी लिहिलेला मजकूर बाहेर आला आणि स्विस न्यायालयाने तो निकालच रद्द केला. नव्या पंचांनी २०२१ मध्ये चार वर्षे तीन महिने दिले. स्विस न्यायालय द्रव्य घेतले की नाही या प्रश्नात शिरत नाही. सुनावणी नीट झाली का, पंच निःपक्ष होते का, एवढेच पाहते.

आपल्या बाजूचा एक विजयही नोंदवायला हवा, तो उत्तेजकांचा नसला तरी. अंगात नैसर्गिकरीत्या जास्त संप्रेरक असल्याने धावपटू द्युती चंदला स्पर्धेबाहेर काढले होते. ती लोझानला गेली, कॅनडाच्या वकिलाने फी न घेता बाजू मांडली आणि जुलै २०१५ मध्ये लवादाने महासंघाचा तो नियमच स्थगित केला. फी न घेणारे वकील आणि गरजूंसाठी मदत निधी लवादाकडे आहे. मागावा लागतो. अपील दाखल करायचे एक हजार स्विस फ्रँक, पण खरा खर्च वकिलाचा आणि तज्ज्ञाचा. ऑगस्ट २०२४ मध्ये कुस्तीपटू विनेश फोगाट वजन शंभर ग्रॅम जास्त भरल्याने ऑलिंपिकच्या अंतिम लढतीबाहेर गेली, तेव्हा पॅरिसच्या ठाण्यापुढे भारतीय ऑलिंपिक संघटनेने नागपूरचे हरीश साळवे उभे केले. अपील तरीही फेटाळले गेले. साळवे प्रत्येकाला मिळत नाहीत.

२०२२ मध्ये देशाने उत्तेजकविरोधी कायदा केला आणि शिस्तपालन व अपील या दोन्ही मंडळांना कायद्याचा आधार आला. त्याच वर्षी भारतात तपासलेल्या ३,८६५ नमुन्यांपैकी १२५ दोषी निघाले. मोठ्या प्रमाणावर चाचण्या करणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वांत जास्त होते. कायद्यानंतरही चुका होतातच. कुस्तीपटू बजरंग पुनियाने मार्च २०२४ मध्ये नमुना दिला नाही म्हणून त्याला तात्पुरते निलंबित केले, पण रीतसर नोटीसच दिली नव्हती. मे महिन्यात ते निलंबन उठले, जूनमध्ये नोटीस निघाली, नोव्हेंबरमध्ये चार वर्षांची बंदी झाली.

एक विषमता मात्र अजून कुणी हरलेल्याने मोडून काढलेली नाही. वाडाच्या संहितेच्या रचनेत आंतरराष्ट्रीय दर्जाचा खेळाडू थेट लोझानला जाऊ शकतो. त्याला निकालपत्र हातात पडल्यापासून साधारण एकवीस दिवस मिळतात. जिल्हा, राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धा खेळणाऱ्या मल्लाची दाद देशातल्या अपील मंडळाकडे. तिथे तो जिंकला तर वाडा आणि जागतिक महासंघ यांना त्याच्याविरुद्ध लोझानला जाण्याची मुभा संहितेनेच दिली आहे. तो हरला तर तसाच रस्ता त्याच्यासाठी संहिता आखून देत नाही. खासबागेत उतरणारे बहुतेक मल्ल या दुसऱ्या गटातले. त्यांच्यासाठी दिल्लीतली सुनावणी हीच अखेरची. म्हणून वकील, तज्ज्ञ, वही आणि डबा जे काही उभे करायचे ते नोटीस आल्याच्या आठवड्यातच उभे करावे, आणि ‘वर बघू’ म्हणणाऱ्याला तालमीच्या बाहेर बसवावे.